पाठमोऱ्या खुर्चीखालचं मीठ

९ जानेवारी

वहिनी, नमस्कार.

उत्तराला उशीर झाला म्हणून तुम्ही मला मनातल्या मनात काय काय म्हणाला असाल याची कल्पना आहे. ते सगळं मान्य. पण या खेपेला उशिराचं कारण तुम्हाला आवडेल असं आहे.

आमच्या हँगरमध्ये एक विमान आलंय. खासगी जेट, आठ माणसं ऐसपैस बसतील एवढं, वापरलेलं, आणि आता विकायला काढलेलं. मी दिवसभर करतो तरी काय, असं तुम्ही मागे विचारलं होतं. जुनं घर घेताना लोक एखाद्या जाणत्या माणसाला सोबत नेतात आणि तो भिंती ठोकून बघतो, तसा मी विमान ठोकून बघणारा. गालिचे उचलतो, खुर्च्या काढतो, इंजिनात बारीक कॅमेरा सोडतो आणि सापडतील तेवढे दोष लिहून देतो. झाकणांच्या कारखान्यातला माझा पहिला आणि शेवटचा दिवस तुम्हाला आठवत असेलच. मी एकेका मशिनपाशी उभा राहून बिघाड सांगत सुटलो होतो आणि दादा सगळ्या कामगारांसमोर म्हणाला होता, "दोष काढायला मी पगार देत नाही." तर असा पगार देणारे जगात आहेत, आणि मी त्यांच्याकडे सुखात आहे.

आता या विमानाची गंमत ऐका. आतल्या चार खुर्च्या समोरासमोर आहेत, दोन पुढे तोंड केलेल्या आणि दोन पाठमोऱ्या. पाठमोऱ्या म्हणजे विमान पुढे जातं आणि बसणारा मागे बघतो. तिथे कुणी आपणहून बसत नाही. पण या विमानात डावीकडची पाठमोरी खुर्चीच सगळ्यात झिजलीय. हातांवरचं कातडं गुळगुळीत झालंय, उशी एका बाजूला बसलीय. मालक तिथेच बसत असणार. आणि तिच्यासमोर, पाय ठेवायच्या जागी, गालिचा उचलला तर एका चौकोनापुरते खालचे रूळ खराब. खुर्च्या ज्या पट्ट्यांवर सरकतात त्यांना आम्ही रूळ म्हणतो. लोखंड गंजलं की तांबडं होतं, हा धातू पांढरा पडतो, पिठी सांडल्यासारखा. विमानात असं होतं ते चहा-कॉफीच्या ओट्याखाली नाहीतर संडासाजवळ, कारण पाणी तिथे असतं. इथे आसपास पाण्याचा थेंब यायचं कारण नाही. बाकी सगळं विमान लख्ख आहे. मग हे एवढंच कशानं खाल्लं?

दोन दिवस मी त्या चौकोनासमोर मांडी घालून बसलोय. साहेब म्हणतात, लिही आणि मोकळा हो. पण हा खरेदीदार तसा नाही. तो कोण ते आम्हाला कळत नाही. नाव फुटलं की विकणारा भाव चढवतो, म्हणून घेणारा लपून राहतो आणि मध्ये एक दलालबाई निरोप आणतात. याआधीही त्याच्यासाठी मी विमानं तपासलीत. प्रत्येक वेळी अहवाल वाचला आणि विमान नाकारलं. आणि प्रत्येक वेळी बाईंचा तोच निरोप, तपासनीस हाच हवा आणि त्याचे शेरे गाळू नयेत. आता मला शेरे मारायची खोड आहे हे तुम्हाला माहीत आहे. "पट्टा हट्टी आहे", "दार कुरकुरतं, पण प्रेमानं" वगैरे. बाकीची गिऱ्हाइकं ते खोडून मागतात, याला हवे असतात. एकदा भेटला तर बरं होईल.

पत्र नेहमीप्रमाणे तुमच्या चष्म्याच्या दुकानाच्या पत्त्यावर पाठवतोय. घरी फोन वाजला की दादा "कोणाचा" विचारतो, आणि त्याला उत्तर देताना तुमची धांदल उडते. तुमची तब्येत कशी आहे? दादाची विचारत नाही, पण लिहिलंत तर वाचीन.

तुमचा,
भाऊजी


२० जानेवारी

भाऊजी,

तुमचं पत्र गिऱ्हाइकासमोर उघडलं आणि मग त्या बिचाऱ्याला भलत्याच नंबरची काच लावून बघितली. तो म्हणाला, काहीच दिसत नाही. मी म्हटलं, मलाही.

पांढरं पडलेलं नुसतं पाण्यानं पडतं की पाण्यात काही असावं लागतं? ते विचारून कळवा. मला सुचलं ते सांगते, हसू नका. पहिली शंका, मालकाला मासे पाळायची हौस असेल आणि काचेची पेटी तिथे ठेवत असेल. दुसरी शंका, त्यांच्याकडे कुत्रं असेल, आणि पुढचं मी लिहीत नाही. तिसरी शंका, कुणीतरी त्या खुर्चीत बसून वर्षानुवर्षं रडलं असेल. एवढं रडता येतं का हो? आमच्या दुकानात एक बाई येतात, त्यांच्या चष्म्याच्या दांड्यांना नेहमी पांढरे डाग असतात. मी समजत होते घाम. एकदा त्यांनीच सांगितलं.

आणि मुळात तो मागे तोंड करून का बसायचा? एवढं स्वतःचं विमान घ्यायचं, आणि जातोय कुठे ते बघायचंच नाही? मला तर बसच्या उलट्या बाकावर बसलं तरी गरगरतं. त्या माणसाबद्दल आणखी कळलं तर लिहा. त्याचं काय झालं, विमान का विकतोय, घरी कोण आहे.

तुमच्या दादांची तब्येत ठीक. तुम्ही विचारलं नाही म्हणून मीच लिहिते. कारखाना आता तीन गावांत आहे आणि हे त्या तिघांमध्ये शटलसारखे फिरत असतात. अलीकडे एक नवीनच खूळ. जेवण झालं की कसलासा कागदांचा गठ्ठा घेऊन टेबलाशी बसतात, मी बनवलेला चष्मा नाकावर, आणि एकटेच हसतात. परवा तर ठसका लागला. काय आहे विचारलं तर म्हणाले, मशिनरीचं. मशिनरीचं वाचून हसणारा माणूस मी पहिल्यांदा बघितला. भागीदार मात्र वैतागलेत. हे कुठलाच निर्णय धड घेत नाहीत म्हणे, सगळं बघतात आणि नको म्हणतात. वय झालं असेल.

त्या चौकोनाचं लवकर कळवा. मला झोप येणार नाही.

वहिनी


२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या शंका मी खरोखर तपासल्या. मासे नाहीत, पेटी ठेवली असती तर खाली तिचे कोपरे उमटले असते. कुत्रं नाही, कातड्यावर एक ओरखडा नाही. रडण्याचं प्रयोगशाळेला विचारायची लाज वाटली, पण पांढरी भुकटी पाठवून दिली होती. उत्तर आलं की मीठ. साधं, जेवणातलं. तुमचा प्रश्न बरोबर होता, नुसत्या पाण्यानं इतकं होत नाही. मिठाचं पाणी होतं, पुष्कळदा सांडलेलं, आणि एकाच जागी. समुद्राच्या हवेनं म्हणावं तर मग सगळीकडे दिसलं असतं.

मालकाबद्दल एवढंच कळलं की वय झालेले गृहस्थ आहेत, धंदा सोडलाय, आता प्रवास करत नाहीत. विमान त्यांचे वकील विकतायत. वकिलांना गालिच्याखालचं काही माहीत नसतं.

अहवालात मी लिहिलं की रूळ बदलून घ्यावेत, एरवी एवढं जपलेलं विमान मी बऱ्याच वर्षांत बघितलेलं नाही. इंजिनं आतून आरशासारखी आहेत. या विमानाला कुणी घाईत हात लावलेला नाही हे जागोजागी कळतं. आणि मिठाबद्दल खाली लिहिलं, "कारण सापडलं नाही. कुतूहल शिल्लक." साहेबांनी ते वाक्य खोडायला सांगितलं. मी म्हटलं, या खरेदीदाराला चालतं.

खरं सांगू, हे विमान चांगल्या माणसाच्या हातात जावं असं वाटतंय. पण असं वाटणंसुद्धा आमच्यात बरं नाही. घेणारा आणि विकणारा, दोघांशीही तपासनिसाचं काही नातं नको, मैत्री नको, देणंघेणं नको, हा आमचा पहिला नियम. तसं निघालं तर आपण होऊन सांगायचं आणि बाजूला व्हायचं. नाहीतर माझ्या सहीला काय अर्थ राहिला? म्हणून तर कोण घेतोय हे न कळलेलंच बरं असतं.

दादाला गठ्ठा वाचून हसताना डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. जमलं नाही. तो हसायचा तेव्हा आधी खांदे हलायचे आणि आवाज मागाहून यायचा. अजून तसंच का?

भाऊजी


१४ फेब्रुवारी

भाऊजी,

पत्र पोचलं. मिठाचं वाचून नवल वाटलं.

इकडे सगळं ठीक आहे. दुकानात नवीन फ्रेम्स आल्यात, गोल आकाराच्या. तरुण मुलं हौसेनं घेतात आणि आजोबांसारखी दिसतात. समोरच्या शिंप्यानं दुकानाला निळा रंग दिलाय. माझा गुडघा आता बराच बरा आहे. गार वारा सुटतो म्हणून संध्याकाळी दार लोटून बसते.

मी सध्या एक कादंबरी वाचतेय, त्यात एक माणूस आहे, तुमच्यासारखंच काम करतो. त्याला शेवटी कळतं की ज्याच्यासाठी तो काम करत होता तो ओळखीचाच निघाला. पण त्याला कुणी सांगितलंच नसतं तर त्याचा काही दोष नव्हता, असं मला वाचताना वाटलं. असो. कादंबरीच ती.

खांदे अजून आधी हलतात.

जपून असा.

वहिनी


२२ फेब्रुवारी

वहिनी,

तुमच्या मागच्या पत्रात एकही प्रश्न नव्हता. तुम्ही आम्हाला भेटल्यापासून असं कधी घडलेलं नाही. मला तेव्हाच समजायला हवं होतं, पण मी ते गुडघ्यावर ढकललं.

काल दलालबाईंचा फोन आला. त्यांचा आवाज नेहमी इस्त्री केल्यासारखा असतो, काल मात्र त्या अडखळत होत्या. म्हणाल्या, "खरेदीदारांचा एक प्रश्न आहे. मला त्याचा अर्थ लागत नाही, जसा आला तसा सांगते. मालक त्या खुर्चीत मिठाच्या पाण्यात पाय बुडवून बसायचे का, ते विचारा. आणि टब एकच माणूस उचलायचा की दोघं, तेही विचारा."

वहिनी, तुम्ही आमच्या घरात आलात तेव्हा बाबा नव्हते, म्हणून तुम्हाला हे कदाचित कुणी सांगितलं नसेल. बाबा कामावरून आले की मागच्या पायरीवर बसायचे आणि कोमट पाण्याच्या टबात पाय सोडायचे, मूठभर खडे मीठ टाकून. तो टब स्वयंपाकघरापासून पायरीपर्यंत दादा आणि मी न्यायचो, एक कान त्याचा, एक माझा. रोज थोडं सांडायचं. पायरीजवळच्या फरशीवर पांढरं वर्तुळ पडलं होतं आणि आई ते घासून घासून थकली. मी जगभरची विमानं उलगडून बघतो, आणि ते पांढरं माझ्या गुडघ्याशी असून मला ओळखता आलं नाही. ते ओळखील असा दुसरा एकच माणूस आहे.

विमानाच्या जुन्या पायलटला शोधून फोन केला. तो मोठ्यांदा हसला. हो म्हणाला, साहेबांचे पाय सुजायचे, परतीच्या प्रवासात टब ठरलेला. विमान वर चढायला लागलं की पाणी हिंदकळायचं. आणि पाठमोरी खुर्ची कशासाठी, तुमचा प्रश्न, तोही विचारला. त्यांच्या बायकोला विमानाची फार भीती वाटायची. तिला पुढे तोंड करून बसवायचे आणि स्वतः समोर उलटे बसायचे, तिला आपलं तोंड दिसत राहावं म्हणून. टबात पाय घालून तिला कायकाय सांगून हसवत आणायचे. ती गेली, आणि त्यांनी विमान विकायला काढलं.

एवढी सुंदर गोष्ट कळली आणि मला तिचा आनंदही घेता येईना. एकच सरळ विचारतो. विमान दादा घेतोय का? मला प्रत्येक वेळी मुद्दाम बोलावून, माझ्याकडून दोष काढवून घेऊन, टेबलाशी बसून हसतोय का? आणि तुम्हाला कधीपासून माहीत आहे?

हो असेल तर मला हे काम सोडावं लागेल. नियम तुम्हाला लिहिलाच होता. बहुतेक म्हणूनच तुम्ही कादंबरी वाचायला घेतलीत.

भाऊजी


१ मार्च

भाऊजी,

रागवा, पण शेवटपर्यंत वाचा.

हो. तेच आहेत. मला कळलं तुमचं मिठाचं पत्र आलं त्याच आठवड्यात. जेवणानंतर हे गठ्ठा घेऊन बसले, खांदे हलले आणि एकदम म्हणाले, "ऐक गं, काय लिहिलंय. कारण सापडलं नाही, कुतूहल शिल्लक." ते वाक्य मी दुपारीच तुमच्या अक्षरात वाचलं होतं. मग मी विचारलं, आणि त्यांनी सांगितलं, अगदी सहज, जसं काही भाजी कोणती आहे ते सांगतायत.

पहिलं विमान योगायोगानं तुमच्या हँगरला गेलं. तीन कारखाने, तिन्हीकडे रोजची धावपळ, म्हणून भागीदारांनी विमानाचं काढलं होतं. अहवाल आला, हे चाळत होते, आणि मध्येच "दार कुरकुरतं, पण प्रेमानं" असं आलं. मग शेवटी सही बघितली. म्हणाले, सही बघायची गरज नव्हती. त्या रात्री त्यांनी तो अहवाल दोनदा वाचला. विमान नाकारलं, का तर ते घेतलं असतं तर पुढचा अहवाल आला नसता. पुढचंही तसंच नाकारलं, आणि त्याच्या पुढचंही. तुम्हाला वाटतंय हे तुमच्यावर हसतात. भाऊजी, माणूस लांबच्या माणसाचं पत्र वाचून हसतो तसं हसतात हे. तुमची खरी पत्रं माझ्या दुकानात येतात, मी ती खालच्या खणात ठेवते, आणि इकडे हा माणूस टायरच्या झिजेचं वाचून समाधान मानतोय. मला हसू आलं आणि मग रडू आलं.

मी म्हटलं, सरळ पत्र का नाही लिहीत? तर म्हणाले, "काय लिहू? तो आता दोष काढतो आणि मी त्याला त्याचे पैसे देतो. मला जे म्हणायचंय ते एवढंच आहे, आणि ते त्याला पोचतंय." मी म्हटलं, पोचत कसलं, त्याला तर तुम्ही कोण तेच ठाऊक नाही. त्यावर त्यांनी तेच पान पुन्हा उघडलं. मग म्हणाले, हे मीठ म्हणजे बाबांचा टब. आणि आठवड्याभरानं तो प्रश्न पाठवला. मी त्यांना थांबवू शकले असते. नाही थांबवलं. तुमचा नियम त्यांना ठाऊक नव्हता, मला होता. पण प्रश्न गेला नसता तर तुम्ही दोघं म्हातारे होईपर्यंत असेच विमानांआडून बोलत बसला असता.

आता माझी विनंती. भागीदारांनी निक्षून सांगितलंय की हे शेवटचं, घ्या नाहीतर विषय सोडा. तुम्ही काम सोडलंत तर हे विमान दुसरा कुणी तपासेल, आणि मग यांच्याकडे तुमचं काही येणार नाही. तुम्हाला कळलंय हे फक्त मला माहीत आहे. दलालबाईंना माहीत नाही, तुमच्या साहेबांना नाही. मी कुणाला सांगणार नाही. काम सोडू नका, एवढं एक ऐका माझं.

वहिनी


८ मार्च

वहिनी,

तुमचं पत्र यायच्या आधीच मी साहेबांना सांगितलं होतं. तुमच्या उत्तरासाठी थांबलो असतो तर मी थांबण्याचंच निमित्त शोधतोय हे मला कळत होतं. आधीच्या तिन्ही विमानांचंही सांगितलं. ती कुणी घेतलीच नव्हती म्हणून प्रकरण तिथेच मिटलं. आता दुसरा तपासनीस विमान पहिल्यापासून बघेल. माझा अहवाल रद्द झाला.

तुमचं न ऐकण्याची ही पहिलीच वेळ. पण विचार करा, तुमच्या दुकानात मी आलो आणि तुम्ही माझ्या प्रेमापोटी मला चुकीचा नंबर दिलात, तर मी रस्ता कसा ओलांडणार? माझ्या सहीवर लोक आकाशात जातात. त्यात आता दादाही जाणार, म्हणजे तर जास्तच.

राग नाही. होता, तुमचं पत्र वाचताना कुठेतरी वाटेत गेला. टायरच्या झिजेपाशी बहुतेक. पण एक कळत नाही. अहवाल हेच त्याचं बोलणं असेल, तर ते आता संपलं. मी त्याला विमानाबद्दल अक्षर लिहू शकत नाही, बरं ना वाईट. आणि विमान सोडून दुसरं काही तो वाचतो का, मला माहीत नाही. त्याला माझी खुशाली हवी होती तर पोस्टाच्या एका तिकिटाचं काम होतं. मलाही तेवढंच लागलं असतं, हेही खरं.

तुम्ही मात्र लिहीत राहा. आणि प्रश्न विचारा. ते बिनप्रश्नांचं पत्र फार वाईट होतं.

भाऊजी


१९ मार्च

पान्या,

हे नाव अजून कुणी वापरतं का? लहानपणी तुझ्या हातात कायम पाना असायचा म्हणून बाबांनी ठेवलेलं. मी मनात तेच वापरतो.

तुझी वहिनी समोर बसलीय. म्हणते, तुम्ही लिहिल्याशिवाय उठायचं नाही. तिने तुझी सगळी पत्रं दुकानातून आणून टेबलावर ठेवली. वाचू का म्हटलं तर म्हणाली, ती माझी आहेत, तुम्ही तुमची मागवा.

नवीन माणसाचा अहवाल आला. चांगला माणूस दिसतो. सगळं लिहिलंय, काही सोडलेलं नाही. मी दोन पानं वाचली आणि बाकीचा भागीदारांकडे दिला. मिठाबद्दल त्याने लिहिलंय, "क्षाराचा परिणाम, रूळ बदलावेत." बस. कुतूहल वगैरे त्याच्याकडे काही शिल्लक नाही.

विमान घेतोय. रूळ बदलून झाले. तू विमानाबद्दल काही बोलायचं नाहीस हे तिने मला नीट समजावलंय, तेव्हा तुझं मत विचारत नाही. तू नियमाप्रमाणे वागलास ते बरं केलंस. मी तुझा मालक असतो तर चिडलो असतो, पण त्यात बसणारा मीच आहे.

तू त्या दिवशी कारखान्यात जे जे सांगितलंस ते मी त्याच महिन्यात दुरुस्त करून घेतलं. तुला सांगायला तू नव्हतास. एक राहिलंय. झाकणं दाबून काढणाऱ्या मागच्या प्रेसमधून आवाज येतो असं तू म्हणाला होतास. मी पुष्कळदा तिच्याशेजारी उभा राहिलो, मला ऐकू येत नाही. माणसं आणली, त्यांनाही येत नाही. पण तू म्हणाला होतास म्हणजे असणार. ती प्रेस मी बदलली नाही. तू आलास की दाखव.

आता मुद्दा. ताब्यात घेण्याआधी एक उड्डाण करायचं असतं. पुढच्या गुरुवारी सकाळी, तुमच्याच धावपट्टीवरून, तासाभराचं. दलालबाईंना मी विचारून घेतलं. तपासनीस घेणाऱ्याच्या नात्यातला नसावा असा नियम आहे, पण शेजारी बसणारा नसावा असा नाही. आणि तुझा आता या विमानाशी काही संबंध राहिलेला नाही.

मला विमानाची भीती वाटते हे तुला ठाऊक आहे. झोपाळ्यावर सुद्धा मी डोळे मिटायचो. तरीही पाठमोरी खुर्ची मी घेईन. तू समोर बस. तुझी वहिनी खिडकीशी बसणार आहे, तिने ते आधीच ठरवलंय.

टब उचलताना तू तुझी बाजू नेहमी घाईनं वर करायचास आणि पाणी माझ्या पायावर यायचं. ते तुला कधी सांगितलं नव्हतं.

दादा


२४ मार्च

दादा,

पान्या आता कुणी म्हणत नाही. तू म्हण.

मी टब घाईनं उचलत नव्हतो. तू उंच होतास, तुझ्या बाजूनं तो आधीच वर असायचा आणि मी बरोबरी करायला बघायचो. हे मी तेव्हाही सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. पुन्हा सांगतोय.

प्रेसचा आवाज डाव्या बाजूच्या खालच्या बेअरिंगचा आहे. हात लावला तर कळतो, कानाला नाही. तू इतकी वर्षं तिच्याशेजारी उभा राहून ऐकत होतास हे मी दोनदा वाचलं. येऊन दाखवतो.

गुरुवारी सुट्टी टाकलीय. धावपट्टीच्या फाटकाशी उभा असेन, ओळखू येईन, केस तेवढे कमी झालेत. समोरच्या खुर्चीत बसतो. विमान वर चढायला लागलं की माझ्याकडे बघ, खिडकीतून बघू नकोस, म्हणजे काही वाटत नाही. पाय सुजत असतील तर टबही घेऊन ये, दुसरी बाजू मी धरतो.

मीठ मात्र घरी ठेव. रूळ नवे आहेत.

पान्या